बहिरा ठरलेला पेचकस

मित्रांनो, मी एक जुना पेचकस आहे. हातभर लांब, लाकडी मुठीचा आणि टोकाला इतका बोथट, की आता माझ्याकडून एकही स्क्रू धड फिरत नाही. फिरवायला गेलात तर घसरेन आणि तुमच्याच हाताला लागेन. पण स्क्रू फिरवण्यासाठी माझे नाव कधी नव्हतेच. माझे नाव होते ते ऐकण्यासाठी.

आधीच सांगून ठेवतो, मी स्वभावाने संशयी आहे. ज्याचा जन्म दुसऱ्यांच्या पोटातली कुरकुर ऐकण्यात गेला, त्याचा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. एखादी गाडी धुऊनपुसून चकाचक करून आणली की मला वाटते, एवढी नटवून आणली आहे म्हणजे काहीतरी लपवायचे असणार. दहातल्या आठ वेळा माझे खरे निघते. उरलेल्या दोन वेळांची गोष्ट मी सहसा काढत नाही. आज काढणार आहे, कारण त्यातली एक मला अजून टोचते.

माझा जन्म भट्टीत झाला. लाल तापलेल्या सळईला ठोकून ठोकून टोक काढले, मग मला तेलात बुडवले. त्या वेळी मी केवढ्याने चुरचुरलो, ते मला अजून आठवते. मूठ मागाहून बसवली. पुढे कितीतरी दिवस एका दुकानाच्या भिंतीवर खिळ्याला लटकत होतो. शेजारी रंगीत प्लॅस्टिकच्या मुठींचे दिमाखदार पेचकस होते आणि गिऱ्हाइके त्यांनाच हात लावत. एके दिवशी एक तरुण आला. त्याने मला उतरवले, माझे टोक गल्ल्याच्या लाकडावर टेकवले आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून उभा राहिला. दुकानदाराला वाटले, गिऱ्हाईक चक्रम आहे. तरुण मात्र म्हणाला, “तुमच्या गल्ल्यात वाळवी लागलीये.” पुढच्या महिन्यात गल्ल्याचा पाय मोडला.

तो तरुण म्हणजे आमचा मिस्त्री.

मिस्त्रीचे गॅरेज फार मोठे नव्हते. तीन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, वर पत्रे, एका बाजूला भिंतभर हत्यारे. प्रत्येक हत्याराच्या मागे भिंतीवर त्याच्याच आकाराची पांढरी रेघ काढलेली होती. कोण जागेवर नाही ते एका नजरेत कळावे म्हणून. माझी रेघ सगळ्यांत वर होती.

गाडीचे दुखणे मी कसे ओळखत असे, ते सांगतो. चाक ज्याच्यावर गरगरते त्या पोलादी गोळ्यांच्या कड्याला बेअरिंग म्हणतात. गाडी जॅकवर उचलायची, माझे टोक चाकामागच्या लोखंडाला बेअरिंगच्या अगदी जवळ टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि चाक हाताने फिरवायचे. बेअरिंग धड असेल तर आतून नुसती सळसळ ऐकू येते. बिघडले असेल तर दाताखाली खडा यावा तशी कचकच. बाहेरून कोणाला काही कळणार नाही, पण मूठ कानाला लावली की चाक खोटे बोलूच शकत नाही.

मिस्त्री मला डाव्या हातात धरून डाव्या कानाला लावत असे, कारण उजव्या हाताने चाक फिरवायचे असे. डावा हात, डावा कान. इतक्या वर्षांत उजवा कान माझ्या वाट्याला एकदाही आला नाही. मित्रांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

गॅरेजात आणखी दोन माणसे होती. दाराजवळच्या टेबलाशी मिस्त्रीची बायको बसे. कोणती गाडी कधी घ्यायची, कोणता सुटा भाग कुठून आणायचा, कोणत्या गिऱ्हाइकाला गोड बोलायचे आणि कोणाला ताटकळत ठेवायचे, हे सगळे तीच ठरवी. सगळे तिला मिस्त्रीणबाई म्हणत आणि मिस्त्रीपेक्षा तिलाच जास्त घाबरत. दुसरा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. आठ दिवसांसाठी म्हणून आला आणि वीस वर्षे राहिला. चाके आणि ब्रेक हे त्याचे काम. मिस्त्री त्याला मेव्हणा म्हणे, म्हणून गिऱ्हाइकेही त्याला मेव्हणेच म्हणू लागली. आधी तो चिडायचा. पुढे त्याने नाद सोडला आणि सांगू लागला, की एवढे भाऊजी असलेला माणूस शोधून सापडणार नाही.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. दुसऱ्या गॅरेजांतून हात टेकलेल्या गाड्या आमच्याकडे येत. मिस्त्री मला कानाला लावी, तीन-चार श्वास थांबे आणि बोट दाखवी. मेव्हणा ते खोले आणि दोष तिथेच सापडे. मग गिऱ्हाईक मिस्त्रीची पाठ थोपटी आणि मिस्त्री माझी मूठ.

मग नट खोलायची हवेची बंदूक आली. हाताने अर्धा तास लागणारे काम ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करी, पण आवाज असा की पत्रे थरथरत. मिस्त्री ती डाव्या खांद्याशी धरून चालवी. मिस्त्रीणबाई रोज सांगे, कानात कापूस तरी घाला. तो हसण्यावारी नेई.

एके दिवशी मी बोनेटवरून खाली पडलो आणि माझी मूठ तडकली. मेव्हण्याने मला उचलले, तडकलेला भाग जुळवला आणि त्यावर काळी चिकटपट्टी घट्ट गुंडाळली. तो काम मन लावून करत होता. काही दिवसांनी मिस्त्रीने मला कानाला लावले आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा येतोय, तो म्हणाला. पट्टीने याचा गळा दाबलाय. त्याने पट्टी फराफरा काढली आणि पुन्हा कान लावला. पुन्हा तेच. “गेला हा,” तो म्हणाला. “बहिरा झाला.”

टेबलाच्या सगळ्यांत खालच्या खणात माझी रवानगी झाली.

मित्रांनो, बहिरा म्हणवून घेणे किती लागते ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. तिथे एक वाकडी किल्ली होती, एक वाळलेले पेन आणि जळालेले फ्यूज. सगळे रद्दीतले. पहिले काही दिवस मी स्वतःवरच संशय घेतला. पोलाद म्हातारे होते का? मग माझा संशय मेव्हण्यावर गेला. पट्टी त्यानेच लावली होती. त्याने मुद्दाम तर काही केले नसेल? मिस्त्रीची अक्कल माझ्यात आहे हे त्याला ठाऊक होते. मी नसलो की मिस्त्री त्याच्यावाचून अडेल, असा त्याचा हिशेब तर नसेल? मी हे सगळे मनाशी इतके घोळवले, की शेवटी ते मला खरेच वाटू लागले.

त्या खणाचे एक होते, तो पुरता बंद होत नसे. दोन बोटांची फट राही. त्या फटीतून मला गॅरेज दिसे आणि सगळे ऐकू येई. दोन वर्षे मी ऐकत पडलो होतो. मिस्त्री बदलत चालला होता. बहीण-भाऊ टेबलाशी बोलत असले की तो मध्येच वळे आणि विचारी, माझ्यामागे काय कुजबुजताय. ते कुजबुजत नसत, चांगले तोंड उघडून बोलत असत. मेव्हण्याने काही विचारले की मिस्त्री कधी उत्तर देई, कधी पाठ फिरवून चालू लागे. मिस्त्रीणबाई भावाला सांगे, घरी पण असंच चाललंय. जेवताना मी शेजारी बसून काही विचारते तर हूं नाही की चूं नाही. कसला राग धरलाय कोण जाणे. आणि मेव्हणा मान खाली घालून म्हणे, माझ्यामुळे असेल.

एकंदरीत कुठेतरी पाणी मुरत होते. पण कुठे, ते कोणालाच दिसत नव्हते आणि मलाही दिसले नाही.

अशात ती गाडी आली. गाडी चालवायला शिकवणाऱ्या बाईंची होती. या बाई डावीकडच्या सीटवर बसत, शिकणारा उजवीकडे स्टिअरिंगवर. शिकणारा गडबडला तर वेळेवर थांबवता यावे म्हणून त्यांच्याही पायाशी एक ब्रेक बसवलेला होता. तो दाबून दाबून त्यांच्या पायाला अशी सवय जडली होती, की टेबलासमोर उभ्या राहून बोलतानाही त्यांचा पाय अधूनमधून जमीन दाबे.

बाईंनी सांगितले की गाडी सरळ जाताना गप्प असते, पण वळवली की घूं करते. रिकाम्या पिंपात तोंड घालून कोणी हुंकार भरावा तसे. त्यांच्या हाताखाली आठ जण शिकत होते. त्यातला एक निवृत्त शिक्षक अजून गियर आणि ब्रेक यांत गोंधळत होता. अशा माणसाच्या हातात गाडी असताना चाक अडकले तर मी काय करू, त्यांनी विचारले आणि पाय जोरात दाबला.

मिस्त्रीने त्यांना समजावले. गाडी उजवीकडे वळली की सगळा भार डाव्या चाकावर जातो आणि डावीकडे वळली की उजव्यावर. ज्या बाजूला भार गेल्यावर आवाज वाढेल, त्या बाजूचे बेअरिंग गेले. अगदी बरोबर सांगितले. मग त्याने पुढची दोन्ही चाके हलवून पाहिली. दोन्ही घट्ट. दोष कोवळा होता, तो फक्त कानालाच सापडणार होता. मी खणात ताठ झालो. मला वाटले, आता तरी हाक येईल.

हाक आली नाही. मिस्त्री एकटाच गाडी घेऊन चक्कर मारून आला आणि उतरताना म्हणाला, उजवे बेअरिंग. डावीकडे वळताना आवाज वाढतो.

“मला तर माझ्या बाजूनं वाटतो, डावीकडनं,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही डावीकडे बसता म्हणून,” मिस्त्री म्हणाला.

सगळ्यांना ते पटले. मलासुद्धा. मी तर मनात म्हटले, या बाईंना प्रत्येक गोष्टीत ब्रेक दाबायची खोड आहे, यांच्यावर काय विश्वास ठेवायचा.

या गाडीत बेअरिंग अख्ख्या डब्यासारखे येते आणि चार बोल्टांवर बसते. मेव्हण्याने उजव्या बाजूचे जुने काढले, तळहातावर धरून फिरवले आणि म्हणाला, हे तर लोण्यासारखे फिरते आहे. मिस्त्रीचा चेहरा बदलला. निदान माझे आहे, तू चाकाचे बघ, एवढेच तो बोलला. नवे बसले. दुसऱ्या दिवशी बाई परत आल्या. घूं तसेच होते.

मग संशयाचे भूत गॅरेजात शिरले ते शिरलेच. आधी मिस्त्रीने सुट्या भागांच्या दुकानदाराला धारेवर धरले. खोक्याची पट्टी उघडून पुन्हा चिकटवल्यासारखी दिसते म्हणाला. दुकानदार फोनवर शपथा घेऊ लागला. मिस्त्रीणबाईने दुसऱ्या दुकानातून दुसरे बेअरिंग आणवले. त्याच वेळी मेव्हणा मिस्त्रीच्या डाव्या अंगाला उभा राहून म्हणाला, “भाऊजी, एकदा डावं बघायचं का?”

मिस्त्री खोक्याकडेच बघत राहिला. हो नाही, नाही नाही. मेव्हणा थोडा वेळ थांबला आणि तोंड पाडून निघून गेला. आपल्या शब्दाला आता किंमत राहिली नाही, असे त्याला वाटले असणार. मी खणातून बघत होतो आणि मला वाटले, मिस्त्री त्याला चांगला ओळखून आहे.

दुपारी बहीण-भाऊ मागच्या खोलीत जेवायला बसले, तेव्हा मिस्त्री टेबलाशी आला. त्याने खालचा खण ओढला. दोन वर्षांनी त्याचे बोट माझ्या मुठीला लागले आणि मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! त्याने मला उचलले, पण कानाकडे नेले नाही. त्याने नवे बेअरिंग खोक्यातून काढले, दाराकडे एकदा बघून घेतले, आणि माझे टोक कड्यावर जोराने दाबून एक फुली ओढली. नंतर त्यावर ग्रीस फासले.

मला आधी कळलेच नाही. मग तो स्वतःशीच पुटपुटला तेव्हा कळले. मेव्हण्याच्या एका दोस्ताकडे अशीच गाडी होती. नवे बेअरिंग त्या दोस्ताला जाते आणि आपल्या गिऱ्हाइकाच्या चाकात जुनेच परत बसते, असे मिस्त्रीच्या डोक्यात बसले होते. म्हणूनच तर तो जुने लोण्यासारखे फिरते म्हणाला, त्याला तेच परत बसवायचे होते! आता चाक खोलले आणि फुली नसली, की चोर सापडला.

मित्रांनो, माझा जन्म ऐकण्यासाठी होता आणि माझ्याकडून हे काम करवून घेतले. आणि खरे सांगतो, मला लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. मला वाटले, बरे झाले, आता याचे पितळ उघडे पडेल.

मिस्त्रीने मला हत्यारांच्या ट्रेमध्ये टाकले. मेव्हण्याने दुसरे बेअरिंग बसवले. दोन दिवसांनी बाई पुन्हा हजर. घूं तसेच, उलट वाढलेले. निवृत्त शिक्षकांनी आवाजाला भिऊन वळणावर स्टिअरिंग सोडून दिले होते आणि गाडी भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली होती. बाईंनी किल्ली टेबलावर ठेवली. आता मी ही गाडी कोणाच्या हातात देणार नाही, त्या म्हणाल्या.

मिस्त्रीने सगळ्यांना बोलावले. बाईंच्या आणि मिस्त्रीणबाईच्या देखत त्याने मेव्हण्याला उजवे चाक खोलायला सांगितले. चाक निघाले, बेअरिंग निघाले. मिस्त्रीने हातात टॉर्च घेतला आणि म्हणाला, ग्रीस पूस.

मेव्हण्याने फडक्याने ग्रीस पुसले. फुली तिथेच होती. स्वच्छ, खोल, माझ्या टोकाच्या जाडीची.

“ही फुली कसली?” मेव्हण्याने विचारले.

 मेव्हण्याने मिस्त्रीच्या तोंडाकडे पाहिले, मग ट्रेमध्ये पडलेल्या माझ्या टोकाकडे पाहिले. तिथे पोलादाचा बारीक चुरा अजून चिकटलेला होता. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरे वाटले असते. पण रागाचे नावही नव्हते, तो एकदम थकलेला दिसू लागला.

“वीस वर्षं झाली, भाऊजी,” तो म्हणाला. त्याने हात पुसले, फडके घडी करून ठेवले आणि रस्त्याला लागला. चाक उघडेच राहिले.

त्या क्षणी मला माझी लाज वाटली. दोन वर्षे मी त्या माणसाला खणातून चोर ठरवत होतो आणि त्याने माझे काही केले असेल तर ते मला जोडण्याचेच.

मिस्त्रीणबाई आरडाओरडा करणारी बाई नव्हती. रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट चालला होता आणि नवरा तिकडे तोंड करून उभा होता. ती त्याच्या डाव्या बाजूला गेली आणि म्हणाली, त्याला थांबवा. मिस्त्री हलला नाही. ती पुन्हा म्हणाली. तो तसाच. तिचे डोळे भरून आले. मग ती एकदम थबकली, जशी एखादी विसरलेली गोष्ट आठवावी. ती आणखी जवळ सरकली आणि नेहमीच्या आवाजात, त्याच्या डाव्या कानाशी म्हणाली, “अहो, मागं गाडी पेटलीये.”

मिस्त्री रस्त्याकडे बघत राहिला.

बाई दचकून मागे बघू लागल्या. मिस्त्रीणबाईने त्यांना हाताने गप्प बसवले आणि विचारले, तुम्हाला आवाज कुठून येतो म्हणालात? माझ्या बाजूने, बाई म्हणाल्या, पहिल्या दिवसापासून सांगते आहे.

मिस्त्रीणबाईने डाव्या चाकाखाली जॅक लावला. वीस वर्षे ती हे बघत आली होती. चाक अधांतरी झाले. तिने ट्रेमधून मला उचलले, पदराने माझी मूठ पुसली, टोक चाकामागे टेकवले आणि मूठ कानाला लावली. बाईंनी चाक फिरवले.

मित्रांनो, दोन वर्षांनी माझ्या अंगातून आवाज गेला. कचकच, कचकच. वाळूच वाळू. डावे बेअरिंग पार गेलेले होते, आणि मी मुळीच बहिरा नव्हतो.

तिने नवऱ्याला बाही धरून आणले आणि मला त्याच्या डाव्या कानाला लावले. तो वैतागला. हा बहिरा आहे, तुला माहीत नाही का, म्हणाला.  तिने त्याला खांदे धरून फिरवले आणि मला उजव्या कानाला लावले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्या कानाला टेकलो. चाक फिरले.

मिस्त्रीने डोळे मिटले. त्याने मला स्वतःच्या हातात घेतले, डाव्या कानाला लावले, पुन्हा उजव्या, पुन्हा डाव्या. असे तीन वेळा केले. मग तो तिथेच एका टायरवर बसला.

“हा बहिरा नव्हता,” तो म्हणाला.

“दोन वर्षं मला वाटतंय, तुम्ही माझ्यावर रागावलाय,” मिस्त्रीणबाई म्हणाली. आता ती त्याच्या उजवीकडे उभी होती.

बाकीचे कोडे बाईंनीच सोडवले. त्या शिकणाऱ्यांना मैदानावर एका पिंपाभोवती सतत डावीकडेच वळायला लावत. त्यामुळे उजव्या टायरची बाहेरची कड खाल्ली गेली होती आणि डावीकडे वळताना तो टायर घरघरत असे. मिस्त्रीच्या चांगल्या कानाला, खिडकीतून, तेवढेच ऐकू आले. डाव्या चाकाचे घूं त्याच्या गेलेल्या कानाच्या बाजूला होते. त्याचे शास्त्र बरोबर होते. ऐकणाराच अर्धा होता.

मिस्त्रीला डावे बेअरिंग स्वतः बदलता आले असते. त्याने हात लावला नाही. बाई गाडी तिथेच ठेवून गेल्या. संध्याकाळी मिस्त्रीणबाई भावाच्या खोलीवर जायला निघाली, तेव्हा मिस्त्रीने तिला थांबवले. मी जातो म्हणाला. तासाभराने परत आला. मेव्हण्याने दार उघडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडायला जरा अवकाश होता, तोच मेव्हणा आला. कोणाकडे न बघता म्हणाला, चाक उघडे टाकून गेलो होतो, तेवढे बसवतो आणि जातो. त्याने उजवे बेअरिंग फुलीसकट पुन्हा बसवले, कारण ते चांगले होते. मिस्त्री त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“कान माझा गेला होता आणि चोर तुला ठरवलं. चूक माझी आहे,” तो म्हणाला.

मेव्हण्याने चाकाचे नट आवळले. सगळे आवळून झाल्यावर त्याने डाव्या बाजूसाठी आणलेले नवे बेअरिंग खोक्यातून काढले. दुसऱ्या हातात मला घेतले आणि दोन्ही वस्तू मिस्त्रीपुढे धरल्या.

“खूण करून घ्या. पुढं भानगड नको.”

मिस्त्रीणबाई टेबलाशी उठून उभी राहिली. मिस्त्रीने मला घेतले. मला वाटले, आता हा मला मोडून टाकणार. त्याने मला उलटे केले आणि माझी मूठ मेव्हण्याकडे धरली. “हा तुझ्याकडे ठेव. यापुढं तू ऐकून सांगायचं. मी विचारणार नाही.”

मेव्हण्याने माझ्या तडकलेल्या मुठीवरून अंगठा फिरवला. मग त्याने खिशातून काळी चिकटपट्टी काढली.

त्या दिवशी डाव्या चाकात नवे बेअरिंग बसले. मेव्हण्याने मला कानाला लावले आणि म्हणाला, सळसळतेय. बाई गाडी घेऊन गेल्या आणि निवृत्त शिक्षक आता पिंपाभोवती उजवीकडेही वळतात असे ऐकतो. कानाच्या डॉक्टरांनी सांगितले की डावा कान आता पूर्वीसारखा होणार नाही, उजवा तेवढा जपा. मिस्त्री आता कानात बोळे घातल्याशिवाय हवेची बंदूक उचलत नाही. जेवताना मिस्त्रीणबाई उजवीकडे बसते. भिंतीवर मी माझ्या पांढऱ्या रेघेत परत आलो आहे.

सगळे गोड झाले असे म्हणवत नाही. मेव्हणा हसतो, गिऱ्हाइकांची थट्टा करतो, पण नवा सुटा भाग खोक्यातून निघाला की त्याची नजर आधी कड्यावरून फिरते. मिस्त्रीला ते दिसते आणि तो दुसरीकडे बघतो. बाईंची गाडी महिन्यातून एकदा येते. तिच्या उजव्या चाकात ती फुली अजून आहे. गाडी दारातून आत वळली की मला ती आठवते.

मित्रांनो, मला जपा एवढेच मागणे असते तर बरे झाले असते. मला ओल्यात टाकू नका, वापरून झाले की पुसून जागेवर ठेवा, मूठ तडकली तर पट्टी लावा. एखादा आवाज ऐकू येत नसेल तर मला खणात फेकण्याआधी एकदा कान बदलून बघा. माझ्या टोकाने रंगाच्या डब्यांची झाकणे उचका, दगड उकरा, काय वाटेल ते करा, मी तक्रार करणार नाही. पण आपल्याच माणसाला पारखायला खूण करायची असेल, तर कृपा करून मला हातात घेऊ नका.